बोटांच्या पेरांवर मोजलेलं जर्मन

घनसावंगीच्या बाजारात एक खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत अकरा बायका एका सुरात ‘ब्लूटड्रुकमेसगेरेट’ म्हणाल्या, की खाली युरियाची गोणी उचलणारा माणूस हमखास वर बघतो. दुकानाचे मालक आसाराम अण्णा मान वर न करता त्याला सांगतात, “काही न्हाई, बीपीचं मशीन हाय ते.”

सहा वर्षांत अण्णा एवढं जर्मन शिकलेत. आमच्या तालुक्यातल्या पुष्कळ पुढाऱ्यांपेक्षा हे जास्त आहे.

त्या खोलीत मी जर्मन शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी नर्स आहेत. कुणी अंबडच्या दवाखान्यात, कुणी जालन्यात, कुणी इथेच. ड्यूटी संपली की काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून येतात आणि आल्या आल्या पंख्याखालच्या जागेवरून भांडतात. जर्मनीत नर्स कमी आहेत आणि आपल्याकडे नर्सला मान कमी आहे. या दोन गोष्टींमध्ये माझा वर्ग उभा आहे. ‘तुम्ही आमच्या पोरींना परदेशाची हौस लावता’ असं मला तोंडावर सांगणारे लोक भेटतात. मी त्यांना विचारते की तुमच्या गावातल्या सिस्टरचं नाव काय. बहुतेकांना सांगता येत नाही.

हा धंदा नेमका कसा चालतो ते आधी सांगते, कारण जर्मन म्हटलं की लोकांना फक्त त्या भाषेतले लांबलचक शब्द आठवतात आणि ते हसतात. हसू नका. असे शब्द आपल्याकडेही आहेत. फरक एवढाच की आपण ते तोडून लिहितो.

माझ्या वडिलांनी उभं आयुष्य पत्रकं लिहिली. पाणी, रस्ता, रेशन, शाळेची गळकी खोली, ज्या विषयावर मोर्चा त्या विषयावर पत्रक. मी अक्षरं शिकले ती पाठ्यपुस्तकाच्या आधी गुलाबी आणि पिवळ्या कागदावर. आणि त्या पत्रकांच्या खाली सही असायची ती कधी साध्या माणसाची नसायची. ‘हातपंप दुरुस्ती मागणी कृती समिती’ अशी असायची. पाच शब्द. मी पाच-सहा वर्षांची असताना वडिलांना विचारलं होतं की यातला हातपंप कुठला. ते म्हणाले, यात हातपंप नाही, यात समिती आहे. हातपंप तर बंदच आहे.

जर्मन शब्दाची सगळी रचना या उत्तरात आहे. शेवटचा शब्द मालक. आधीचे सगळे त्याची ओळख सांगणारे. क्रांकन म्हणजे आजारी माणसं, फरझिशेरुंग म्हणजे विमा, कार्टं म्हणजे कार्ड. तिन्ही जोडले की क्रांकनफरझिशेरुंग्सकार्टं. शब्द ऐकताना आजार दिसतो, विमा दिसतो, पण हातात येतं ते कार्ड. मध्ये एक ‘स्’ जास्तीचा आलाय, त्याला अर्थ नाही. उसाच्या दोन कांड्यांमध्ये जसा डोळ्याचा उंचवटा असतो तसा तो सांधा आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणी उसाच्या रानातून आलेल्या, त्यांना हे एका वाक्यात कळतं.

अवघड गोष्ट पुढे आहे. मालक शेवटी बसलेला असला तरी बोलताना जोर मात्र पहिल्या शब्दावर द्यायचा असतो. ‘क्रां’ ठणकावून म्हणायचं आणि तिथून पुढे आवाज उतरत न्यायचा, थेट ‘टं’पर्यंत. थोडे अपवाद आहेत, पण ते शिकण्याइतके दिवस आम्हाला या नर्सना जर्मनीला पाठवणारी एजन्सी देत नाही. आपण मराठी माणसं शब्दातल्या तुकड्यांना साधारण सारखं वजन देतो, आणि कुणाला लांबून हाक मारायची असेल तर उलट शेवट ताणतो. म्हणून आमची जर्मन ऐकताना जर्मन माणसाला वाटतं की समोरचा शब्द बोलत नाही, यादी वाचतोय. त्याला कुठला तुकडा धरायचा तेच कळत नाही. शब्द बरोबर असतो आणि तरी तो ‘काय?’ म्हणतो.

आणि ‘काय?’ म्हटलं की आमच्या बायका गप्प होतात.

नर्सशिवायही लोक येतात. तीर्थपुरीचे एक निवृत्त गुरुजी दोन महिने आले. मुलगा तिकडे नोकरीला, त्याच्या गल्लीचं नाव आपल्याला सुनेला हसू न येता उच्चारता यावं एवढीच त्यांची मागणी. गुरुजींना चौथ्या दिवशीच नाव आलं. उरलेले दिवस ते माझ्या फळ्यावरच्या अक्षराला वळण लावत बसले. आसाराम अण्णांनी एकदा स्वतःहून विचारलं की आमच्या धंद्याला तिकडं काय म्हणतेत. मी सांगितलं, फ्लान्त्सन म्हणजे रोपं, शुत्स म्हणजे रक्षण, मिटल म्हणजे साधन, फ्लान्त्सनशुत्समिटल. अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी पेंटर बोलावून दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरांत लिहून घेतलं. आठवड्यात दोन शेतकरी आले आणि ते पाटीवरचं नवं औषध बोंडअळीवर चालतं का विचारू लागले. अण्णांनी पाटी पुसली नाही. खाली कंसात ‘फवारणीची सर्व औषधे’ असं लिहून घेतलं. मालाबद्दल गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचं नाही हा त्यांचा बाणा आहे आणि त्यासाठी मी त्यांचं भाडं कधी थकवत नाही.

पण मला लिहायचंय ते वंदना सिस्टरबद्दल.

वंदना सिस्टर अंकुशनगरच्या. नवरा कारखान्यात, मुलगी नववीत, वय चौतीस. घनसावंगीतल्या एका खासगी दवाखान्यात बारा वर्षं बाळंतपणाच्या खोलीत. तीर्थपुरीपासूनच्या बाया ‘डॉक्टर कुणीबी असू द्या, सिस्टर त्या पाहिजेत’ म्हणून तिची ड्यूटी विचारून यायच्या. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने प्रसूती विभागासाठी तिची निवड केली होती. व्हिडिओवर मुलाखत झाली, कागदपत्रं झाली. अडलं होतं एका ठिकाणी. भाषेच्या परीक्षेतला लेखी भाग ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि तोंडी परीक्षेत नापास.

तिला जर्मनीला का जायचंय हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी सगळ्यांनाच विचारते. बाकीच्या जणी मुलांचं शिक्षण, घर असं सांगतात, आणि त्यात काही चूक नाही. वंदना सिस्टर म्हणाली, “आमच्याकडं एकच टेबल हाय, मॅडम. दोघी संगं आल्या तर एकीला मी थांब म्हणते. बाळ थांबतं का? मला एकदा तरी असं लेबर रूम बघायचंय जिथं कुणाला थांब म्हणावं लागत न्हाई.”

अशा बाईसाठी लढायचं नाही तर कुणासाठी?

लढले. आणि कसं लढले तेही सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

पहिल्या नापासाचं कारण मला स्पष्ट दिसत होतं. ती शब्दाची सुरुवात गिळायची. ‘क्रांकन’ घशात, ‘कार्टं’ तेवढं ऐकू यायचं. हे तिच्या एकटीचं नव्हतं. आमच्याकडे सून म्हणून आलेल्या बाईला मोठ्यांपुढे बोलताना पहिला शब्द ओठातल्या ओठात बोलायची सवय लागते. बोलू का नको, या विचारात निम्मं वाक्य निघून जातं, मग उरलेलं जरा मोठ्याने. दवाखान्यात डॉक्टरपुढेही तेच. जर्मनमध्ये नेमका तो गिळलेला तुकडाच महत्त्वाचा असतो.

मला हे कळल्यावर मी अर्थातच भाषण केलं. आवाज दाबणं हे शिकवलेलं असतं, ते शिक्षण झुगारा, वाक्याच्या पहिल्या शब्दावर तुमचा हक्क आहे, असं पंचवीस मिनिटं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी वंदना सिस्टरला उभं केलं आणि तिने पूर्वीइतक्याच हळू आवाजात पूर्वीइतकाच गिळलेला शब्द म्हटला.

एजन्सीचे जाधव सर त्या दिवशी मागे बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं मऊ, हातात कायम फाईल. जिन्यात मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही क्लास घेऊन राह्यल्या का सभा?” आणि त्यांनी मला एक पुस्तिका दिली. तोंडी परीक्षेत येणारे ठरावीक प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. पाठ करून घ्या, बाकीच्या सेंटरला हेच करतेत, जल्दी निकाल येतो, असं त्यांचं म्हणणं.

मी पुस्तिका परत केली. पाठ केलेलं वाक्य घेऊन वॉर्डात गेलेली नर्स धोकादायक असते. पेशंट पुस्तिकेतला प्रश्न विचारत नाही. हे मी त्यांना त्याच जिन्यात सुनावलं, आणि आजही मला त्यातला एक शब्द मागे घ्यायचा नाही.

पण पुस्तिका नाकारली म्हणजे दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. मी पेरं दिली.

आपल्याकडच्या बायका बोटं मोजत नाहीत, बोटांची पेरं मोजतात. अंगठा करंगळीच्या बुडाशी ठेवायचा आणि एकेका पेरावरून सरकवत न्यायचा. चार बोटांची बारा पेरं. जप, सोमवार, कुणाचे दिवस भरत आले, सगळं यावर मोजलं जातं. वंदना सिस्टर तर कळांमधलं अंतरसुद्धा तशीच मोजायची. मी म्हटलं, शब्दही मोजा. क्रां-कन-फर-झि-शे-रुंग्स-कार-टं, आठ पेरं. एकही तुकडा गिळला तर अंगठा सांगेल. पहिल्या पेरावर अंगठा जोरात दाबा म्हणजे तिथे जोर.

काय सुंदर चाललं ते. आठवड्याभरात एकही तुकडा गळेना. नऊ तुकड्यांचे शब्द, दहा तुकड्यांचे शब्द, बायका रस्त्याने अंगठा फिरवत जायच्या. मी इतकी खूश होते की ही पद्धत लिहून कुठेतरी छापावी असं मनात होतं.

दुसरी तोंडी परीक्षा पुण्यात झाली. वंदना सिस्टर परत नापास झाली आणि या वेळी निकालासोबत परीक्षकांचा शेरा होता. मी तो तीनदा वाचला. उमेदवार प्रत्येक तुकडा स्वतंत्र आणि सारख्या वजनाने उच्चारते, बोलताना समोरच्या व्यक्तीकडे पाहत नाही, पूर्ण वेळ स्वतःच्या हाताकडे पाहते.

ती पूर्ण वेळ हाताकडे बघत होती, कारण मी तिला हात दिला होता. समोर पेशंट झालेली परीक्षक बाई घाबरल्याचं सोंग करत होती आणि माझी विद्यार्थिनी पेरं मोजत होती. जाधव सरांच्या पुस्तिकेला मी घोकंपट्टी म्हटलं होतं. मी दिलेली घोकंपट्टी फक्त तोंडाऐवजी बोटांची होती. पहिल्या परीक्षेत ती तिच्या सवयीने नापास झाली, दुसऱ्या परीक्षेत माझ्या पद्धतीने. हे मी तिला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, राहू द्या मॅडम, तुमचा काय दोष. हे सहा शब्द मला शेऱ्यापेक्षा जास्त लागले.

त्यानंतर ती वर्गाला यायची बंद झाली.

जाधव सरांचा निरोप आला की तिकडचं रुग्णालय जागा फार दिवस मोकळी ठेवणार नाही, यादीत पुढची मुलगी परभणीची आहे, वंदनाबाईंचं नाव काढतो. मी त्यांना पत्र लिहिलं. पत्र म्हणजे माझ्या हातून पत्रकच झालं. त्यात ‘आम्ही ठणकावून विचारतो’ असंही होतं, आणि आम्ही म्हणजे मी एकटीच होते. मागणी मात्र एकच होती, आणखी एक संधी. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘पुढच्या परीक्षेला बसवा, त्यानंतर माझ्या हातात नाही.’ मऊ बोलणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नसतं, पण हे उत्तर मी जपून ठेवलं आहे.

आता फक्त उमेदवाराला परत आणायचं राहिलं होतं. मी दुपारी तिच्या दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या, सिस्टर आत हायत, एक पेशंट आलंय, बसा बाहेर. मी बाकावर बसले. शेजारी त्या पेशंटची सासू तोंडाला पदर लावून बसली होती. समोर दार, दाराला हिरवा पडदा.

पडद्याआडून आवाज आला आणि तो कुणाचा हे मला आधी कळलंच नाही.

“ए, इकडं बघ. माझ्याकडं बघ, छताकडं न्हाई. घे श्वास. धर. आता जोर! …सोड. सोड हळूहळू, सोड, सोड, शाब्बास.”

‘जोर’ अशा आवाजात की सासूबाई बाकावरून दोन बोटं उडाल्या. आणि नंतरचं सगळं उतरत जाणारं, हलकं, एका श्वासात. परत तेच. वर चढलेला एक शब्द आणि त्याच्यामागून घसरत येणारे चार-पाच. मी बाकावर ताठ झाले. सहा वर्षं फळ्यावर रेघा काढून मी जे समजावत होते ते पडद्याआड एक बाई बारा वर्षं करत होती आणि तिला ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर आत गेले. त्यांनी काहीतरी विचारलं. लगेच तिचा आवाज पार खाली गेला, सुरुवात गिळलेला, शेवट तेवढा ऐकू येणारा, ‘…वाजल्यापासून हाय सर’. दोन वाक्यांमध्ये दोन बायका. थोड्या वेळाने बाळाचं रडणं आलं, सासूबाईंनी मलाच मिठी मारली आणि मुलगी झाली हे कळल्यावरही सोडली नाही. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला.

वंदना सिस्टर बाहेर आली तेव्हा मी तिला काहीही समजावलं नाही. गेबुर्ट म्हणजे जन्म, हिल्फं म्हणजे मदत, गेबुर्ट्सहिल्फं म्हणजे तुमचं काम. ‘गे’वर श्वास घ्या, ‘बुर्ट्स’वर पेशंटला जोर लावायला सांगा, ‘हिल्फं’ला सोडा म्हणा. एवढंच सांगितलं. तिने आधी तोंडावर हात धरून हसून घेतलं.

“ते तोंड तिथलं हाय, मॅडम,” ती म्हणाली. “आत येणाऱ्या पोरीसारख्या असतेत मला. साहेबापुढं कुणी तसं बोलतं का?”

“परीक्षेत तुमच्यापुढे साहेब कोण असतो?”

“दोन मॅडम असतेत. एक पेशंट होती.”

“मग तुमच्यापुढे पेशंट आहे. साहेब कुठंय?”

मग दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, औषधांच्या खोक्यांच्या शेजारी उभी राहून, माझ्या डोळ्यांत बघत तिने ‘गेबुर्ट्सहिल्फं’ म्हटलं. काउंटरवरच्या मावशींनी विचारलं, कुणाला रागावून राह्यल्या सिस्टर.

पुढचे पाच आठवडे वर्गात पेरं बंद. मी ती पद्धत फळ्यावर लिहून, खाली ‘रद्द’ असं लिहून पुसली. चूक जाहीर केली की परत होत नाही अशी माझी समजूत आहे. नवी पद्धत वंदना सिस्टरने चालवली, मी नाही. ती उभी राहायची, एकेकीला समोर घ्यायची, डोळ्यांत बघायला लावायची. धर. जोर. सोड. ‘ब्लूट’वर जोर, ‘ड्रुकमेसगेरेट’ सोडत न्यायचं. ‘क्रांकन’वर जोर, कार्ड आपोआप येतं. ज्या मुलींनी कधी बाळंतपण पाहिलं नव्हतं, आयसीयूतल्या, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या, त्याही आठवड्यात तयार झाल्या. आणि एक गोष्ट मला शिकवण्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. जोर दिल्यावर पुढचं सोडणं जास्त महत्त्वाचं आहे. आमच्या बायका जोर दिल्यावर पुढच्या तुकड्यालाही घट्ट धरून ठेवायच्या, कुठे चुकतंय का या भीतीने. वंदना सिस्टर त्यांच्या खांद्यावर चापट मारायची. सोड म्हटलं की सोडायचं, बाई. धरून ठेवलं की अडतं.

एके दिवशी हे इतकं रंगात आलं होतं की आसाराम अण्णा स्वतः जिना चढून वर आले. चष्मा कपाळावर, चेहरा घामाघूम. दारात उभं राहून त्यांनी अगदी हळू विचारलं, “वर कुणी अडलंय का? जीप बोलवू?”

वर्ग पाच मिनिटं बंद पडला. अण्णांना बसवून पाणी दिलं आणि एक शब्द शिकवला. त्यांना जोर उत्तम जमतो, सोडता येत नाही. व्यापारी आहेत.

परीक्षेला मी तिच्यासोबत पुण्याला गेले. केंद्रात मला आत सोडणार नव्हतेच, मी फाटकापाशी उभी. वंदना सिस्टरने गाडीत एक अक्षर जर्मन काढलं नाही. मुलीला फोन करून डब्यात काय न्यायचं ते सांगितलं, नवऱ्याला गॅसची टाकी बदलायला सांगितली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मीही गप्प राहिले. माझ्यासाठी ते सोपं नाही, हे मला ओळखणारे जाणतात.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती डावा हात झटकत. मी विचारलं, काय झालं हाताला. म्हणाली, मुंग्या आल्यात. पूर्ण वेळ हात मांडीखाली दाबून बसले होते, अंगठा फिरायला लागला तर काय घ्या.

आत काय झालं ते तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगितलं. पहिल्या प्रश्नाला आवाज खालीच गेला. समोरची मॅडम ‘काय?’ म्हणाली. पूर्वी इथेच सगळं संपायचं. मग दुसऱ्या भागात तीच मॅडम पेशंट झाली, पहिलटकरीण. मला भीती वाटते, मला घरी जायचंय, मला हे मशीन नको, असं बोलायला लागली.

“आणि मंग मॅडम, मला ती परीक्षक दिसलीच न्हाई,” वंदना सिस्टर म्हणाली. “मला ती घाबरलेली दिसली. मी म्हटलं, माझ्याकडं बघा. हे रक्तदाब मोजायचं यंत्र हाय, यानं काही दुखत न्हाई, मी इथंच हाय. बराबर जर्मनमध्येच म्हटलं. शब्द आले का चुकले ते आता आठवत न्हाई. ती बाई खरंच गप बसली आणि तिनं हात पुढं केला.”

निकालाला तीन आठवडे लागतात. त्या दिवसांत मी जे काही केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाधव सरांना दिवसाआड फोन करणं हा त्यातला सभ्य भाग. ते दर वेळी तेवढ्याच मऊ आवाजात ‘न्हाई आलं मॅडम’ म्हणायचे. एकदा म्हणाले, मलाबी झोप न्हाई हो. त्यानंतर मी फोन कमी केले.

निकाल माझ्या मेलवर आला तेव्हा वर्ग चालू होता. मी तो उघडला, खालपर्यंत वाचला, परत वर जाऊन नाव तपासलं. मग वर्गासमोरच दवाखान्याला फोन लावला. मावशींनी उचलला. सिस्टर आत हायत, आत्ता बोलता यायचं न्हाई. मी म्हटलं, फोन पडद्यापाशी न्या आणि स्पीकर लावा, मी फक्त एक वाक्य बोलणार आहे. मावशींनी कुरकुरत नेला. पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत.

“वंदना सिस्टर, तुम्ही पास झालात. तोंडीसुद्धा.”

इकडे दहा बायकांनी एकमेकींचे हात धरले होते. तिकडे बाळ रडत होतं. भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, पहिल्या शब्दापासून स्वच्छ, जरा ओला.

“ऐकलं, मॅडम. ठेवा आता. हिची वार पडायची हाय अजून.”

बाहेरच्या माणसाला वाटतं की बाळ आलं म्हणजे झालं. नर्सला माहीत असतं की बाळामागून येणारी वार पडेपर्यंत बाई धोक्यातच असते, हात काढता येत नाही. मी फोन ठेवला आणि वर्गाला सांगितलं की सिस्टर कामात आहेत, आपणही कामाला लागू.